लहान फुटबॉलपटूंचा दमसास कसा मोजायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लबचे कोच, शाळांतले पीटी सर आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं ९ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना धरून आहेत. तुमचा प्रश्न वैद्यकीय असेल तर आधी प्र. १४ वाचा, मगच बाकीचं.

१. स्टॅमिना आणि व्हीओटू मॅक्स एकच का?

एकच नाही. स्टॅमिना हा आपला रोजचा ढोबळ शब्द, त्यात दम, जिद्द, पायातली ताकद सगळं येतं. व्हीओटू मॅक्स म्हणजे जीव तोडून पळताना शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप. ते सहसा दर किलो वजनामागे मिलिलिटरमध्ये सांगतात. निरोगी मुलग्यांमध्ये ते ४८ ते ५० च्या आसपास असतं आणि वाढत्या वयात फारसं हलत नाही. नियमित खेळणाऱ्यांचं त्याहून वर जातं. मैदानावरच्या चाचण्या हे माप थेट घेत नाहीत, अंदाज देतात.

२. फुटबॉलमध्ये पळायचं, थांबायचं, वळायचं. मग लांब पल्ल्याच्या दमाचा इथे काय उपयोग?

दोन स्प्रिंटच्या मध्ये खेळाडू किती लवकर सावरतो, हे बऱ्याच अंशी एरोबिक क्षमतेवर (ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवण्याच्या ताकदीवर) ठरतं. सामन्यात सरासरी हृदयगती कमाल गतीच्या ८० ते ९० टक्क्यांपर्यंत असते.

नॉर्वेतल्या हेल्गेरूड आणि सहकाऱ्यांचा २००१ चा प्रयोग याबाबत बोलका आहे. सरासरी १८ वर्षांच्या ज्युनियर खेळाडूंनी आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, चार-चार मिनिटांच्या चार जोरदार फेऱ्या केल्या. हृदयगती कमाल गतीच्या ९० ते ९५ टक्के ठेवली होती. त्यांचा व्हीओटू मॅक्स ५८.१ वरून ६४.३ वर गेला, सामन्यात कापलेलं अंतर २० टक्क्यांनी वाढलं, स्प्रिंटची संख्या दुप्पट झाली आणि चेंडूशी येणारा संबंधही वाढला. पण ती मुलं वयात आलेली होती. हाच कार्यक्रम अकरा वर्षांच्या पोरांना जसाच्या तसा लावू नका. त्यांना छोट्या मैदानावर चार विरुद्ध चार खेळवलं तरी हृदय भरपूर काम करतं, आणि चेंडूही पायात राहतो.

३. यासाठी लॅबमध्ये जावंच लागतं का?

नाही. ट्रेडमिल, तोंडाला मास्क आणि श्वासातल्या वायूंचं विश्लेषण ही सर्वांत अचूक पद्धत आहे, पण तिचं काम संशोधनात किंवा एखाद्या खास वैद्यकीय शंकेत. क्लबला मैदानी चाचणी पुरते. शिवाय लहान मुलांना मास्क नीट बसावा लागतो, आणि मोठ्यांमध्ये शेवटी ऑक्सिजनचा आकडा जसा सपाट होताना दिसतो तसा बऱ्याच मुलांमध्ये दिसतच नाही. म्हणून लॅबचा आकडाही कुणीतरी जाणकाराने वाचावा लागतो.

४. बीप टेस्ट, यो-यो, ३०-१५, कूपर, ६०० मीटर. आमच्या मुलांची कोणती घ्यावी?

आमचं मत थेट सांगतो: बारापर्यंत बीप टेस्ट, तेरापासून पुढे यो-यो. कारणं अशी.

बीप टेस्ट म्हणजे २० मीटरची शटल रन: दोन रेषांमध्ये बीपच्या तालावर ये-जा पळायचं, बीपच्या आत रेषा गाठता येईनाशी झाली की थांबायचं. माँट्रियलच्या लुक लेजे यांनी ती १९८० च्या दशकात मांडली. वेग ताशी ८.५ किमीपासून सुरू होतो आणि दर मिनिटाला अर्ध्या किमीने वाढतो. सुरुवात सोपी असल्यामुळे लहान मुलं घाबरत नाहीत, आणि वेग बीप ठरवते म्हणून सुरुवातीलाच सुसाट पळून दम घालवण्याची सोय नसते.

यो-यो इंटरमिटंट रिकव्हरी चाचणी कोपनहेगनच्या येन्स बांग्सबो यांची. २० मीटर जायचं, २० मीटर परत यायचं, मग १० सेकंद मागच्या ५ मीटरच्या पट्ट्यात सावकाश जाऊन यायचं. पहिली लेव्हल ताशी १० किमीने सुरू होते, दुसरी १३ ने. मुलांसाठी पहिलीच घ्या. पळणं-सावरणं-पळणं हा फुटबॉलचाच साचा असल्यामुळे ती खेळाच्या जास्त जवळ जाते. इटलीच्या कार्लो कास्तान्या यांच्या किशोर खेळाडूंवरच्या कामात या चाचणीचं अंतर आणि सामन्यातलं जोरदार पळणं यांचा चांगला संबंध दिसला. अगदी लहानांसाठी १६ मीटरची आवृत्ती आहे, ती सुरेख चालते.

फ्रान्सच्या मार्टिन बुशाइट यांच्या ३०-१५ चाचणीत ३० सेकंद पळणं आणि १५ सेकंद चालणं असतं. शेवटी जो वेग हाती येतो त्यावरून प्रत्येकाच्या सरावाचा वेग ठरवता येतो. १५ वर्षांपुढच्या, रोज सराव करणाऱ्या गटाला ती उपयोगी. कूपरची १२ मिनिटांची धाव १९६८ ची, सोपी आणि फुकट. पण तीत वेग स्वतः राखावा लागतो, आणि ते कसब दहा-बारा वर्षांच्या मुलांत नसतं. पहिल्या दोन फेऱ्यांतच बरेच जण संपतात.

६०० मीटर धाव खेलो इंडियाच्या शालेय तपासणीत आहे, त्यामुळे ती विचारली जातेच. शाळाभरच्या मुलांची झटपट पाहणी करायला ठीक आहे. पण दोन-तीन मिनिटांच्या त्या धावेत एरोबिकबरोबर अनएरोबिक (ऑक्सिजनशिवाय मिळणाऱ्या ऊर्जेचा) हिस्साही मोठा असतो. फुटबॉलच्या गटासाठी त्यावर विसंबू नका.

५. क्रिकेटवाले देतात तीच यो-यो का ही? माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला १६.१ यायला हवं का?

चाचणी तीच. भारतीय क्रिकेट संघाच्या बातम्यांतून १६.१ हा आकडा घराघरांत पोचला, म्हणून हा प्रश्न येतो. १६.१ म्हणजे सोळाव्या वेगपातळीतली पहिली फेरी, म्हणजे एकूण १,१२० मीटर, ४० मीटरच्या २८ फेऱ्या. विश्रांती धरून साधारण साडेनऊ मिनिटं. बांग्सबो यांच्या सूत्राने (अंतर × ०.००८४ + ३६.४) त्याचा व्हीओटू मॅक्सचा अंदाज ४५.८ येतो.

हा मोठ्या माणसांसाठी ठरवलेला उंबरठा आहे. चौदा वर्षांच्या मुलाला तो लावायला काहीही आधार नाही. मुलगा तो सहज ओलांडेल किंवा ओलांडणार नाही, दोन्हींतून त्याच्या फुटबॉलबद्दल थोडंच कळतं. का, ते प्र. ९ मध्ये.

६. मैदानावर चाचणी घ्यायला काय काय लागतं? आमच्याकडे फक्त कोन (मैदानात ठेवायचे शंकू) आणि मोबाइल आहे.

जवळजवळ तेवढंच लागतं. पण आकडे बिघडतात ते नेमके इथेच, म्हणून हे उत्तर लांब आहे.

अंतर टेपने मोजा. पावलांनी मोजलेले २० मीटर बरेचदा १९ निघतात, आणि एक मीटर कमी म्हणजे दर फेरीला ५ टक्के सूट. पुढच्या वेळी दुसऱ्या कोचने टेप लावली की सगळ्या संघाचा दम घटल्यासारखा दिसणार. दोन्ही टोकांना रेषा आखा, चुन्याची किंवा दोरीची. नुसत्या कोनांवर मुलं अर्धा मीटर आधीच वळतात. प्रत्येकाला निदान दीड मीटर रुंद पट्टा द्या.

आवाजाची फाइल तपासा. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या फाइलींचे वेग कधी कधी वेगळे असतात, किंवा प्लेअरमध्ये वेग १.२५ पट राहून गेलेला असतो. बीप टेस्टच्या ताशी ८.५ किमीच्या पहिल्या पातळीत ७ फेऱ्या असतात आणि त्या सुमारे ५९ सेकंदांत संपतात. घड्याळ लावून बघा. काही फाइलींत पहिली पातळी ताशी ८ किमीची असते आणि दुसरी थेट ९ ची. चालेल, पण दर वेळी तीच फाइल वापरा. मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर ऐन नवव्या पातळीला कुणाचा तरी फोन येतो आणि पूर्ण गटाची चाचणी वाया जाते. वाऱ्यात मोबाइलचा आवाज लांबच्या टोकाला पोचत नाही, ब्लूटूथ स्पीकर मध्यावर ठेवा.

चार-पाच मुलांमागे एक मोठा माणूस नोंदीला हवा. यो-योमध्ये बीपच्या आत रेषेवर पोचला नाही तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा बाहेर. हा नियम सगळ्यांना सारखा लावा, आवडत्या स्ट्रायकरलासुद्धा.

आदल्या दिवशी सामना किंवा कडक सराव नको. खाणं दोन तास आधी. दहा मिनिटं वॉर्मअप. बूट नेहमीचेच. आणि ज्यांनी ही चाचणी कधी दिलेली नाही त्यांना आधीच्या आठवड्यात चार-पाच मिनिटं सवय करून द्या. नाहीतर दुसऱ्या चाचणीत दिसणारी वाढ दमाची नसून सरावलेपणाची असते.

७. बीप टेस्टच्या पातळीवरून व्हीओटू मॅक्स कसा काढायचा?

८ ते १९ वर्षांसाठी लेजे यांचं १९८८ चं सूत्र आहे:

व्हीओटू मॅक्स = ३१.०२५ + (३.२३८ × वेग) − (३.२४८ × वय) + (०.१५३६ × वेग × वय)

वेग म्हणजे शेवटच्या पूर्ण पातळीचा ताशी किमी, वय पूर्ण वर्षांत. तेरा वर्षांची मुलगी ताशी १२ किमीला थांबली तर उत्तर ५१.६ येतं. पंधरा वर्षांची त्याच वेगाला थांबली तर ४८.८. पळणं तेच, तरी आकडा वेगळा. कारण लहान मुलांना त्याच वेगाला दर किलोमागे जास्त ऑक्सिजन लागतो आणि सूत्र ते धरून चालतं.

म्हणूनच आमचा आग्रह असतो की वहीत मूळ नोंद लिहा: पातळी, फेरी, अंतर. सूत्राचा आकडा शेजारच्या रकान्यात. पालकांना दाखवायला तो बरा, पण सराव मूळ नोंदीवरून ठरवा.

८. कोणत्या वयाला किती यायला हवं, याचा तक्ता द्याल का?

नाही. इंटरनेटवरचे तक्ते कुठल्या मुलांवर, कुठल्या मैदानावर, चाचणीच्या कुठल्या आवृत्तीवर बनलेत हे बहुतेकदा लिहिलेलंच नसतं. युरोपातल्या अकादमीत कृत्रिम टर्फवर मिळालेला आकडा लाल मातीवर पळणाऱ्या सातवीतल्या पोराला लावून काही हाती लागत नाही. कोल्हापुरात तर मुलांना पेठेतल्या वरिष्ठ संघाच्या आकड्यांशी तोललं जातं, तेही सोडा. तुमच्याच गटाच्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की तुमचा तक्ता आपोआप तयार होतो. तोवर मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या नोंदीशीच करा.

९. माझा मुलगा गटात सगळ्यांत लहानखुरा आहे. चाचणीत शेवटून दुसरा आला. यावरून त्याला संघातून काढणं बरोबर आहे का?

बरोबर नाही. या पानावरचं एकच उत्तर निवड समितीने वाचणार असेल तर हे वाचावं.

मुलग्यांमध्ये उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलींमध्ये बाराव्या. पण ही सरासरी आहे. एकाच जन्मवर्षाच्या दोन मुलांत शरीराच्या वयाचा फरक दोन-तीन वर्षांचाही असू शकतो. लवकर वाढलेल्या मुलाचं हृदय मोठं, रक्त जास्त, पाय लांब, स्नायू दणकट. यो-योमध्ये तो पुढे जाणारच. त्यात भर म्हणजे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. तेरा वर्षांखालील गटात जवळजवळ एक वर्ष म्हणजे फार मोठं अंतर.

म्हणून चाचणीच्या दिवशीच उभी उंची, बसलेली उंची आणि वजन लिहून घ्या. दर तीन महिन्यांनी उंची मोजली की कोण वाढीच्या झपाट्यात आहे ते लगेच दिसतं. मिरवाल्ड आणि सहकाऱ्यांचं २००२ चं सूत्र याच मापांवरून आणि वयावरून सांगतं की उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याच्या काळापासून मूल किती वर्षं मागे किंवा पुढे आहे. ते लवकर किंवा उशिरा वाढणाऱ्यांत चुकतं, तरी जन्मतारखेपेक्षा जास्त सांगून जातं. (फिफा १७ वर्षांखालील स्पर्धांत मनगटाचा एमआरआय करते, तो वयचोरी पकडण्यासाठी. त्याचा इथे संबंध नाही.)

तुमचा मुलगा वाढायचा आहे असं दिसत असेल तर कोचला शांतपणे विचारा: मागच्या चाचणीपेक्षा तो पुढे गेला का? चेंडूवर त्याचं काय चाललंय? सामन्यात पास कुठे देतो? उशिरा वाढणारी मुलं नेमक्या याच वयात संघाबाहेर फेकली जातात, आणि सोळाव्या वर्षी उंची आली तोवर त्यांनी बूट कपाटात ठेवलेले असतात. तो तोटा आपल्या फुटबॉलचा आहे.

१०. सहा महिन्यांत मुलगा चांगला उंच झाला, पण व्हीओटू मॅक्सचा आकडा खाली आला. सराव चुकतोय का?

बहुधा नाही. हिशोब करून बघा. आधी वजन ४२ किलो आणि ऑक्सिजनची कमाल मिनिटाला २.१ लिटर: दर किलोमागे ५०. आता वजन ५० किलो आणि कमाल २.४ लिटर: दर किलोमागे ४८. शरीराची क्षमता मिनिटाला ३०० मिलिलिटरने वाढली, आकडा मात्र दोनने घसरला. त्यातच पाय अचानक लांबले की काही महिने वळणं बेढब होतात आणि शटलमध्ये वेळ जातो. गुडघ्याखाली किंवा टाचेला दुखत असेल तर चाचणी पुढे ढकला. बाकी प्र. ९ प्रमाणे.

११. किती दिवसांनी पुन्हा घ्यायची? आणि किती वाढ झाली की खरी वाढ मानायची?

वर्षातून तीनदा पुरे: हंगामाआधी, मध्यावर, शेवटी. यो-योमध्ये तोच माणूस आठवड्याने पुन्हा पळाला तरी सुमारे ५ टक्के इकडे-तिकडे होतं, हे मोठ्या खेळाडूंत मोजलं गेलंय. मुलांत त्याहून जास्त धरा. म्हणजे १,२०० मीटरवाल्याचे १,२४० झाले तर काहीच घडलेलं नाही. १,४४० झाले तर पाठ थोपटा.

मधल्या काळात पाहायचं असेल तर यो-यो सहा मिनिटांवर थांबवा आणि त्या क्षणाची हृदयगती लिहा. पुढच्या वेळी तेवढ्याच कामाला गती कमी आली तर दम सुधारला. मुलं थकत नाहीत, सराव बुडत नाही. मात्र छातीचा पट्टा हवा (प्र. १२).

१२. स्मार्टवॉच व्हीओटू मॅक्स दाखवतं. त्यावर विश्वास ठेवू का?

मुलांच्या बाबतीत नको. मनगटावरचा प्रकाशाचा सेन्सर अचानक वेग बदलताना मागे पडतो, आणि अशा अंदाजांची गणितं मुख्यतः मोठ्यांच्या सलग धावण्यावर बेतलेली असतात. छातीचा पट्टा हृदयगतीसाठी चांगला. २२० वजा वय हे सूत्रही मुलांना लावू नका. साधारण आठ ते सोळा वयात कमाल गती २०० च्या आसपास राहते आणि मुलामुलांत दहा-दहा ठोक्यांचा फरक असतो. चाचणीच्या शेवटी प्रत्यक्ष दिसलेली सर्वांत मोठी गती हीच त्या मुलाची कमाल धरा.

१३. मुलींसाठी चाचणी वेगळी असते का?

चाचणी तीच, तुलना वेगळी. बारा-तेरानंतर मुलींचा दर किलोमागचा आकडा हळूहळू उतरतो, कारण शरीराची घडण बदलते आणि हिमोग्लोबिन मुलग्यांइतकं वाढत नाही. मुलींची तुलना मुलींशी करा.

एक गोष्ट मात्र आवर्जून पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना आणि ३१.१ टक्के मुलग्यांना ॲनिमिया आढळला. रक्तच कमी असेल तर ऑक्सिजन पोचणार कसा? चांगला सराव करणारी मुलगी दोन चाचण्या जागच्या जागी राहिली, जिना चढताना धापा टाकते, चेहरा फिका वाटतो, तर सराव वाढवण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच. पाळीच्या दिवसांत चाचणी द्यायची की नाही ते मुलीने ठरवावं. तिला कारण विचारायची गरज पडू नये अशी व्यवस्था ठेवा, शक्य तर नोंदीला एक बाई असू द्या.

१४. कोणी ही चाचणी देऊ नये?

पळताना छातीत दुखणं, चक्कर किंवा शुद्ध हरपणं असं कधी झालं असेल, किंवा घरात कुणाचा पन्नाशीच्या आत अचानक मृत्यू झाला असेल, तर हृदयतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय नाही. ताप, जुलाब, घसादुखी असेल त्या दिवशी नाही. चाचणीच्या आठवडाभर आधी पालकांकडून हे प्रश्न लेखी भरून घ्या.

दमा असलेली मुलं देऊ शकतात, डॉक्टरांची संमती असेल आणि इनहेलर रेषेवर हाताशी असेल तर. बॅगेत, पॅव्हेलियनमध्ये, घरी असलेला इनहेलर कामाचा नाही.

विदर्भ, नंदुरबार, पालघर या भागांतल्या कोचनी सिकलसेलचं (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचं) लक्षात ठेवावं. सिकलसेलचा आजार असेल तर कमाल चाचणी नाही. फक्त वाहक असलेली (आईवडिलांपैकी एकाकडूनच तो दोष आलेली, स्वतः आजारी नसलेली) मुलं खेळतात, उत्तम खेळतात, पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, जीव तोडून पळवल्यास कोसळण्याचा धोका असतो. त्यांना सकाळच्या गारव्यात, पाणी पाजून पळवा, आणि पाय जड झाले, पेटके आले असं म्हणाली की त्याच क्षणी थांबवा. "अजून एक फेरी" नाही.

१५. डेंग्यू किंवा टायफॉइडमधून उठलेल्या मुलाची चाचणी कधी घ्यायची?

डॉक्टरांनी पूर्ण खेळायला परवानगी दिल्यावर आणि नेहमीचा सराव निदान दोन-तीन आठवडे बिनतक्रार झाल्यावर. सुरुवात प्र. ११ मधल्या सहा मिनिटांच्या प्रकाराने. आकडा कमी येणारच, तो निवडीच्या वहीत लिहू नका.

१६. गोलकीपरने द्यायची का?

द्या, पण त्याचा आकडा संघाच्या सरासरीत धरू नका. लहान गटांत आजचा कीपर उद्या मिडफिल्डर होतो, म्हणून नोंद असलेली बरी.

१७. एप्रिलमधला आकडा आणि जुलैमधला आकडा ताडून पाहता येतो का?

नीट नाही. उन्हात हृदयगती वर जाते आणि मुलं लवकर थांबतात. पावसाळी चिखलात वळताना पाय घसरतो, दर वळणाला वेळ जातो. ऑक्टोबरची उष्णताही कमी नसते. शक्य तर शाळेचा सभागृह किंवा बास्केटबॉलचं कोर्ट कायमचं ठरवून टाका. मैदानावरच घ्यायची तर सकाळी आठच्या आत, आणि वहीत तापमान, पृष्ठभाग, ऊन-पाऊस लिहा. हिवाळ्यात मुंबईत हवेची पातळी वाईट दाखवत असेल तर दिवस बदला.

१८. मुलगा मुद्दाम लवकर थांबला असं वाटतं. कसं ओळखायचं?

छातीचा पट्टा असेल तर शेवटची गती बघा. एरवी १९८-२०० ला जाणारा १७५ ला थांबला तर त्याने पूर्ण जोर लावलेला नाही. पट्टा नसेल तर चेहरा, घाम, बोलणं: थांबल्यावर लगेच सलग वाक्य बोलतोय का? पण ओरडू नका. आधी विचारा, झोप झाली का, खाल्लं का, काही दुखतंय का. मित्र थांबला म्हणून थांबणारीही बरीच असतात, त्यांना पुढच्या वेळी वेगळ्या पट्ट्यांत उभं करा.

१९. निकाल पालकांच्या ग्रुपवर टाकले तर चालतील का?

नको. वजन, उंची, हृदयगती ही त्या मुलाची खासगी माहिती आहे, आणि क्रमवारी लागली की प्र. ९ मधला सगळा घोळ सुरू होतो. प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी द्या. तिच्यावर चार गोष्टी: या वेळचं अंतर, मागच्या वेळचं अंतर, उंचीतला बदल आणि पुढच्या तीन महिन्यांत काय करायचं ते एका ओळीत. नाव वर, क्रमांक कुठेच नाही.